तक्त्याची बाविसावी ओळ

१७ नोव्हेंबर २०१३
सकाळी ७.४० ते ११.१५. उणे १४, वारा वायव्येचा. जमिनीवर बर्फ नऊ सेंटिमीटर (तीन ठिकाणी मोजून सरासरी). गाडीने सत्तेचाळीस मैल. विजेचे खांब सगळे पाहिले, दगडांचे ढीग अकरा. हिमघुबड नाही.

काळजीचं कारण नाही. एकवीस हिवाळ्यांत पहिल्या दर्शनाची सगळ्यांत लवकरची तारीख ४ नोव्हेंबर, सगळ्यांत उशिराची १९ डिसेंबर. महिना हातात आहे.

यंदा मात्र चुकून चालणार नाही. निसर्ग मंडळाच्या पत्रिकेत माझा तक्ता छापायचं ठरलंय. बावीस हिवाळे, एकच माणूस, एकच टापू, एकही हिवाळा रिकामा नाही. सगळ्या सस्कॅचवानमध्ये असं दुसऱ्या कोणाकडे नाही, हे संपादिका मिसेस थॉर्नली यांनी स्वतः लिहिलंय. मी दहावीनंतर शाळा सोडली, हे त्यांना कळवलेलं नाही. लपवलेलंही नाही. त्यांनी विचारलं नाही.

वहीच्या पहिल्या पानावरचा नियम तोच: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. ऐकीव काही नाही.

२४ नोव्हेंबर
नाही.

पूर्वी असं वणवण फिरावं लागत नसे. घराच्या उत्तरेला तीन मैलांवर एकशे साठ एकरांचा माळ होता, कधीच नांगर न लागलेला. घुबड तिथे यायचं आणि मार्चपर्यंत तिथेच असायचं, दगडांच्या ढिगावर नाहीतर पूर्वेच्या कुंपणाच्या सातव्या खांबावर. तीन वर्षांपूर्वी लाइलने तो माळ मोडून गहू केला. लाइल म्हणजे माझ्या बायकोचा, मर्नाचा, धाकटा भाऊ. जमीन त्याची, कागद त्याचे, नांगर त्याचा. माझं म्हणणं एवढंच होतं की एक वर्ष थांब, मला तिथल्या नोंदी पुऱ्या करू दे. थांबला नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. मर्ना याला भांडण म्हणते. भांडायला दोन्हीकडून बोलावं लागतं.

गेले तीन हिवाळे घुबड दुसरीकडे कुठेतरी, एकेकदाच, ओझरतं दिसलं. ओझरतं का होईना, दिसलं. तक्त्याला तेवढं पुरतं.

२ डिसेंबर
पहिलं मोठं वादळ. बावीस सेंटिमीटर. पहाटे पाचपासून पालिकेच्या ग्रेडरवर, रस्त्यांवरचा बर्फ काढत होतो.

रस्ता खरवडताना पात्याच्या कडेने बर्फाचा बांध पडत जातो आणि लोकांच्या घरांच्या, शेतांच्या तोंडावर आडवा येतो. तो काढणं पालिकेच्या नियमात बसत नाही. तरी प्रत्येक तोंडाशी मी पातं जरा तिरकं करून उचलतो. पाच सेकंद लागतात, वाट मोकळी राहते. सव्वीस वर्षं करतोय. कोणी खिडकीतून हात करतं, कोणी नाताळला बाटली आणून देतं.

लाइलच्या मैलावर मी नियमाने चालवतो. रस्ता त्याचाच सगळ्यांत स्वच्छ असतो, दोन फेऱ्या मारतो, उद्या कोणी बोट दाखवायला नको. पण बांध तसाच. घराचं तोंड तो स्वतः ट्रॅक्टरने मोकळं करून घेतो, शेताचं बुजलेलं राहतं. त्या मैलभर माझी नजर पात्याच्या उजव्या टोकावर असते. डावीकडे त्याचं शेत आहे, तिकडे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही.

९ डिसेंबर
आज एकवीस वर्षं झाली. पहिली ओळ: ९ डिसेंबर १९९२, दुपारी ४.१०, उणे १९, दगडांचा ढीग, नर, जवळजवळ निखळ पांढरा. कोठारात गहू घालून परत येत होतो. पिकअपमध्ये आम्ही तिघं, मर्ना मध्ये, लाइल खिडकीशी. मी ब्रेक मारला तो अजून पायाला आठवतो. तोपर्यंत मला चिमणी आणि कावळा याखेरीज पक्षी ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी वही विकत आणली.

आज साडेचार तास. नाही.

११ डिसेंबर
मर्ना शाळेची बस चालवते. संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाली, पावणेचारला लाइलच्या पिशवीवर पांढरं काहीतरी बसलं होतं. मान फिरवून बसकडे बघत होतं.

लाइलने यंदा गहू कोठीत न भरता शेतातच पिशवीत भरून ठेवलाय. पंचाहत्तर मीटर लांब, माणसाहून उंच अशी पांढऱ्या प्लॅस्टिकची अळी. हल्ली बरेच जण करतात. मी तिला विचारलं, अंतर किती होतं? छातीवर पट्टे होते का? किती दाट? गळा पांढरा होता का? ती म्हणाली, "चौदा मुलं होती गाडीत. थांबून पट्टे मोजू?"

मी समजावून सांगितलं. अशा पिशवीचं टोक फाटतं आणि वाऱ्यावर फडफडतं, लांबून मान फिरल्यासारखं दिसतं. शिवाय हा पक्षी ध्रुवाकडून दोन-तीन हजार किलोमीटर उडून येतो तो माळासाठी, प्लॅस्टिकवर बसायला नाही. "बरं," म्हणाली. मग बसची नोंदवही काढून काहीतरी लिहिलं. काय लिहितेस विचारलं तर म्हणाली, गाडीचं.

१९ डिसेंबर
आजपर्यंतच्या सगळ्यांत उशिराच्या तारखेशी बरोबरी झाली. उद्या ती मोडेल. सहा तास, त्र्याहत्तर मैल, उणे २७. एक कोल्हा, तित्तिरांचे दोन थवे, बर्फचिमण्या अंदाजे चारशे. दुसऱ्या कोणाला एवढ्यात आनंद झाला असता.

आइस रिंकवरच्या कॉफीच्या टेबलाशी जायचं टाळतोय. तिथे हार्वी असतो. हार्वी धान्याचा ट्रक चालवतो आणि सगळ्यांच्या खबरी वाहतो. मला प्रोफेसर म्हणतो. आज गाठलंच. म्हणाला, प्रोफेसर, सगळ्या गावाला दिसतं, तुम्हालाच कसं दिसत नाही? तुमच्यावर रुसलंय का? सगळ्या गावाला कुठे दिसतं, हे मी विचारलं नाही. ऐकीव गोष्टीला पत्ता विचारायचा नसतो.

६ जानेवारी २०१४
आमच्या युक्रेनियन लोकांचं नाताळचं जेवण. मर्ना नॉर्वेजियन घरातली, पण बारा पदार्थ माझ्या आईच्या बरोबरीने करते. शिजवलेल्या गव्हाची कुत्या यंदा फार सुरेख झाली होती, दाणा टपोरा आणि अखंड. गहू कुठला विचारलं तर म्हणाली, इथलाच.

रिवाजाप्रमाणे एक ताट जास्तीचं मांडतात, जो आलेला नाही त्याच्यासाठी. आमच्याकडे ते बाबांसाठी असतं. मर्नाने यंदा ते माझ्या शेजारी मांडलं, आणि शेजारी बिअरचा ग्लास. बाबा बिअर पीत नसत. मी सांगितलं. तिने ग्लास उचलला नाही.

जेवताना दोनदा खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघून आली. मी म्हटलं, या अंधारात घुबड दिसणार नाही.

१५ जानेवारी
मिसेस थॉर्नलींचं पत्र. तक्ता फार आवडलाय. ३१ मार्चपर्यंत पाठवा. एक विनंती: एक रकाना वाढवावा, ‘पक्षी प्रथम कोणी पाहिला’. मंडळाची पद्धत आहे म्हणे.

एकाच माणसाच्या तक्त्यात हा रकाना कशाला? बावीस वेळा तेच नाव लिहायचं? उत्तर दिलेलं नाही.

२६ जानेवारी
हे लिहू नये असं वाटतंय. पण सोयीचं तेवढंच लिहायचं, तर मग वही कशाला ठेवायची?

सकाळी ९.२०, उणे ३४, डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठत होतं. गावच्या दक्षिणेला खांबाच्या टोकावर पांढरं, गोल, स्थिर. अंतर साडेसहाशे मीटर. इंजिन बंद केलं. दुर्बीण लावायला हातमोजा काढला, बोटं बधिर. पिवळे डोळे स्पष्ट दिसले. वेळ लिहिली, तापमान लिहिलं, ‘नर, प्रौढ’ लिहिलं. मग चारशे पावलं पायी गेलो. खांबावर ब्लीचचा रिकामा डबा उपडा घातला होता. डोळे रंगवलेले. भुवयासुद्धा.

ओळ खोडली. बावीस वर्षांत पेनाने खोडलेली ही पहिली ओळ.

दुपारी हार्वी म्हणाला, भुवया बायकोने काढल्या, तिचा हात चांगला आहे. सगळे हसले. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्याने विषय बदलला. धान्य विकत घेणाऱ्या कोठाराने लाइलला गहू आणायला निरोप धाडलाय आणि लाइल पिशवी उघडायला तयार नाही. कारणही सांगत नाही. मी म्हटलं, सप्टेंबरचा गहू शहाणा माणूस जानेवारीत पोचवतो, पुढे ऊन वाढलं की ओल धरते. लाइलची शेतकी ही अशीच. हार्वीने कॉफी ढवळत माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

९ फेब्रुवारी
नाही.

१६ फेब्रुवारी
नाही. गाडीची काच तडकली. दुर्बिणीचा स्क्रू घट्ट झालाय.

२० फेब्रुवारी
मर्नाशी बोलणं झालं. शब्दशः लिहितो.

ती म्हणाली, "ऑरेस्ट, तू आठवड्यातून तीनदा त्या रस्त्यावरून जातोस. ग्रेडरमध्ये माझ्या बसपेक्षाही उंच बसतोस. एकदा फक्त मान डावीकडे वळव."

मी म्हटलं, काम करताना लक्ष पात्यावर ठेवावं लागतं.

"बाकीच्या सगळ्या रस्त्यांवर तू घुबडं शोधतोस."

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ती तोवर उठून गेली होती. नियम एकदा मोडला की तो नियम राहत नाही, हे उत्तर.

झोपायच्या आधी लाइलशी फोनवर बोलत होती. एवढंच ऐकू आलं, "अजून थोडं थांब." कशासाठी, कोण जाणे. त्यांच्या आईच्या थडग्यावरच्या दगडाचं काहीतरी चाललंय, त्याबद्दल असावं.

३ मार्च
हार्वीने टेबलावर फोन ठेवला. या वेळी हसला नाही. ट्रकच्या खिडकीतून काढलेला फोटो. मोठा करून पाहिला. मादी. छातीवर तपकिरी पट्टे, गळा आणि चेहरा पांढरा, पिवळे डोळे, डाव्या पंखाचं एक पीस वाकलेलं. दुसऱ्या हिवाळ्यातली असावी. भुवया नव्हत्या.

खाली लाइलची पिशवी. मागे लाइलची लाल कोठी.

"कधी काढलास?"

"काल. ती रोज असते, प्रोफेसर. पिशवीखाली उंदरांची जत्रा भरलीय, ती का जाईल?"

मी वेळ विचारली. पावणेचार.

फोटो म्हणजे दर्शन नव्हे. उद्या रजा टाकली आहे. तास-दीड तास.

४ मार्च
क्रमाने लिहितो.

३.१५ ला पोचलो. उणे ११, वारा नाही, प्रकाश उत्तम. लाइलच्या शेताच्या तोंडाशी गाडी उभी केली. पिशवी दिसेना. बर्फाचा बांध पिकअपच्या खिडकीच्या वर गेलेला. मोजला: एक मीटर बासष्ट. थर मोजता येत होते, एकेका वादळाचा एकेक. डिसेंबरचा सगळ्यांत खाली, करडा. माझंच काम. कुठेही फट नाही, उतार एकसारखा. सव्वीस वर्षांत एवढा सरळ बांध मी दुसरीकडे टाकलेला नाही.

चढून जायचं ठरवलं. दुर्बीण तिपाईसकट खांद्यावर. माथ्यावर पोचलो आणि वरचं कवच फुटलं. आधी एक पाय गेला, मग दुसरा, मग कमरेपर्यंत मीच. दुर्बीण पलीकडे घरंगळली. हात टेकावे तर हातही आत जायचे. अशा स्थितीत सतरा मिनिटं. डोळ्यांसमोर बर्फ. पलीकडचं काहीही दिसत नव्हतं.

ट्रॅक्टरचा आवाज आला. लाइल आतल्या बाजूने आला, उतरला. मग म्हणाला, "हलू नकोस. आणखी आत जाशील."

तीन वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

त्याने ट्रॅक्टरच्या फावड्याने बांधाची आतली बाजू खणली, मग हातात खोरं घेतलं. माझ्या गुडघ्यांभोवती बेताबेताने उकरत होता, जसं बटाट्याच्या रोपाभोवती उकरतात. मी मोकळा झालो तेव्हा ४.०५ वाजले होते. पिशवी समोर होती, नव्वद मीटरवर, पांढरीशुभ्र, रिकामी.

"होती," लाइल म्हणाला. "मघाशी तू वर चढलास ना, तेव्हा बघत बसली होती तुझ्याकडे. तू पडलास तशी उडाली."

मी विचारलं, कुठल्या दिशेला? पंख किती वेळा मारले? त्याने टोपी मागे सारली. "ऑरेस्ट, कोठाराचा तीनदा फोन येऊन गेला. मर्ना म्हणाली, त्याने पाहिल्याशिवाय पिशवी उघडू नकोस. डिसेंबरपासून थांबलोय मी. आणखी किती थांबू, तूच सांग."

 गव्हाची ओल किती, विचारलं. सव्वापंधरा टक्के म्हणाला. जास्त आहे म्हटलं. "आहेच," म्हणाला.

शुक्रवारनंतरच्या शुक्रवारपर्यंत, असं ठरलं.

१३ मार्च
पाच तारखेपासून रोज दुपारी गेलो. लाइलने बांधातून पायवाट काढून ठेवलीय. नऊ दिवस. पाच तारखेपासून बर्फ वितळायला लागलाय, आज अधिक ४. उत्तरेकडे निघायची त्यांची हीच वेळ. नाही, नाही, नाही. नऊ वेळा लिहायची गरज नाही, पण मोजणी नऊच आहे.

मर्नाने सांगितलं, तिला शेवटची तीन तारखेला दिसली. हार्वीने मला फोटो दाखवला त्या दुपारी. लाइलला चारला. म्हणजे मला एकच दिवस मिळाला होता, आणि तो मी बांधात काढला.

१४ मार्च
पिशवी उघडली. लाइलचं यंत्र प्लॅस्टिक गुंडाळत पुढे सरकत होतं आणि गहू ट्रकमध्ये पडत होता. ट्रक हार्वीचा. मी पिशवीच्या कडेने चालत होतो. उंदीर अक्षरशः पायांवरून जात होते.

तिने ओकून टाकलेल्या केसांच्या आणि हाडांच्या गोळ्या मिळाल्या, त्रेपन्न. सगळ्यांत लांब अकरा सेंटिमीटर. एक पीसही मिळालं, तपकिरी पट्ट्यांचं. नियमाप्रमाणे ही खूण झाली, दर्शन नाही.

टोकाकडचा थोडा गहू खराब निघाला. ओल लागून काळा पडलेला, आंबूस वासाचा. लाइलने मूठभर उचलून हुंगला आणि टाकून दिला. मी विचारलं, किती गेला असेल? "जेवढा जायचा तेवढा," म्हणाला. मी पायांनी अंतर मोजलं. पिशवीचे शेवटचे सहा मीटर.

हा माणूस एक वर्ष थांबला नव्हता, त्याच्याबद्दल मी सगळीकडे असंच सांगत आलोय.

२१ मार्च
शेवटचं वादळ. अकरा सेंटिमीटर, ओलं, जड. लाइलच्या दोन्ही तोंडांशी पातं उचललं. शेताच्या तोंडाशी जुना बांध गोठून बसला होता, तो एका फेरीत निघेना. चार फेऱ्या, बावीस मिनिटं. पालिकेच्या तक्त्यात कारण लिहावं लागतं. ‘राहिलेलं काम’ असं लिहिलं.

मर्नाची बस मागून येऊन थांबली होती. तिने भोंगा वाजवला नाही. मुलं खिडक्यांना नाकं लावून बघत होती.

२९ मार्च
तक्ता आज पुरा करायचा होता. बाविसाव्या ओळीत ‘दर्शन नाही’ असं लिहायला पेन उचललं. मर्नाने बसची नोंदवही समोर ठेवली आणि भांडी घासायला गेली.

टायर, तेल, मैल, आणि समासात बारीक अक्षरात तारखा. ११ डिसेंबर ते ३ मार्च, शाळेचे दिवस तेवढे. एकतीस वेळा. वेळ, तापमान, पिशवीच्या कुठल्या टोकाला. १४ जानेवारी: ‘उंदीर धरला, मुलांनी टाळ्या वाजवल्या.’ २० फेब्रुवारी: ‘डाव्या पंखाचं पीस वाकलंय, छातीवर पट्टे, दाट. गळा पांढरा.’ त्याच दिवशी आमचं बोलणं झालं होतं. पट्ट्यांचं तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं, या वेळी.

तिच्या बसमधला तापमापक दोन अंश जास्त दाखवतो. एकतीसही नोंदी दुरुस्त करून उतरवल्या.

मग मिसेस थॉर्नलींचा रकाना पट्टीने आखला. बाविसाव्या ओळीत ‘मर्ना’ लिहिलं. एका ओळीसाठी रकाना आखला तर बाकीच्या एकवीसही भराव्या लागतात, नाहीतर तो रकाना नव्हे. जुन्या वह्या काढल्या. बहुतेक ठिकाणी मीच. १९९७ मर्ना, ती स्वयंपाकघरातून हाक मारत आली होती. २००४ मर्ना. २००८ हार्वी, त्याने ट्रकचे दिवे चमकवून मला थांबवलं होतं, हे वहीत नाही, पण मला ठाऊक आहे.

पहिल्या ओळीपाशी बराच वेळ गेला. ब्रेक मी मारला होता, त्यात शंका नाही. पण ब्रेक मारायला मला कोणीतरी सांगितलं होतं. खिडकीशी बसलेल्या माणसाने काच खाली केली होती, थंडी आत आली होती, मर्ना ओरडली होती, आणि तो म्हणाला होता, थांब थांब थांब, तो दगड बघ, दगडाला डोळे आहेत.

१९९२, पहिली ओळ. प्रथम कोणी पाहिला: लाइल.

पाकीट बंद केलं. उद्या रविवार, मर्ना म्हणते जेवायला तिकडे जायचंय. तक्त्याची एक प्रत बरोबर घेतोय. अक्षर नीट आलंय.